खांदेरी दिसली

मागच्या महिन्यात पहाटे सव्वाचारला उशाशी ठेवलेला फोन थरथरला. मुलाचा मेसेज होता, दोनच शब्द: "खांदेरी दिसली." मी उठले, चहाचं आधण ठेवलं आणि आण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, खोलीत डोकावले. ते जागेच होते. "आला का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "मुंबईच्या तोंडाशी आलाय. खांदेरी दिसली म्हणतो." "बरं," म्हणाले आणि कूस बदलून शांत पडले.

रत्नागिरीचा समुद्र आमच्या सोलापुरापासून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईचा त्याहूनही लांब. तरी एका बेटावरचा दिवा दिसल्याची एवढी बातमी आम्हा दोघांना पुरते. मुलगा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. रात्री बारा ते चार आणि दुपारी बारा ते चार हा त्याचा वॉच. चारला तो ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, खाली उतरतो आणि किनाऱ्याचं नेटवर्क मिळालं की आधी घरी लिहितो. "पोचलो", "बरा आहे" असं काही लिहीत नाही. जे दिसलं ते लिहितो.

मी शाळेत मराठी शिकवते. 'दीपस्तंभ' हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आणि फळ्यावर लिहीत आले. निरोपसमारंभात आणि शोकसभेत तो हमखास येतो: सर आमच्यासाठी दीपस्तंभासारखे होते. मुलांच्या निबंधात येतो, आणि वहीच्या कोपऱ्यात त्याचं चित्रही येतं. खडकावर एक मनोरा, त्यातून निघालेला पिवळा झोत आणि त्या झोताच्या रस्त्यावरून मनोऱ्याकडे निघालेलं होडकं. माझ्याही मनात तेच चित्र होतं. मुलगा समुद्रावर जायला लागला आणि ते चित्र चुकीचं आहे हे मला समजलं. जहाज दीपस्तंभाकडे जात नाही. गेलं तर खडकावर फुटेल. त्याच्या उजेडाने समुद्रात वाटही दिसत नाही. खलाशाला त्या उजेडात काही बघायचं नसतं, त्याला तो उजेडच बघायचा असतो.

हे मला कळलं ते जेवणाच्या टेबलावर. गेल्या जानेवारीत तो सुट्टीवर आला होता. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, घरात संक्रांतीची गडबड. रात्री जेवताना मी त्याला विचारलं, "खांदेरी दिसली म्हणजे तुला नेमकं काय होतं रे?" त्याने ताट बाजूला सरकवलं. शेंगाचटणीची बरणी टेबलाच्या एका टोकाला ठेवली, तेलाची बुधली दुसऱ्या टोकाला. मधे आपली आमटीची वाटी.

"ही वाटी म्हणजे आमचं जहाज. चहूकडे अंधार. ही बरणी खांदेरी. मी कंपासवरून बघतो, बरणी अमुक अंशावर दिसतेय. मग चार्टवर, समुद्राच्या नकाशावर, बरणीपासून तेवढ्याच अंशाची उलटी रेघ मारतो." त्याने भाताचा डाव बरणीपासून वाटीवरून आडवा टाकला. "आता एवढं पक्कं झालं, की मी या रेघेवर आहे. पण रेघेवर कुठे, ते माहीत नाही. म्हणून ही बुधली घ्यायची, ही समज प्रॉन्ग्स, कुलाब्याचं दीपगृह. तिचाही अंश घ्यायचा, दुसरी रेघ मारायची." झारा बुधलीकडून आला आणि वाटीवर डावाला कापून गेला. "दोन्ही जिथे कापतात तिथे मी."

मी त्या वाटीकडे बघत राहिले. दिवा त्याला 'इकडे ये' म्हणत नाही, 'तिकडे जा' म्हणत नाही. तो फक्त 'मी इथे आहे' एवढं सांगतो. आपण कुठे आहोत ते ज्याचं त्याने त्यावरून काढायचं.

"पण अंधारात सगळे दिवे सारखेच," मी म्हटलं. "ही खांदेरी आणि हा प्रॉन्ग्स, हे कशावरून?"

"मोजून. प्रत्येक लाइटचं कॅरॅक्टर ठरलेलं असतं. इतक्या सेकंदांत इतक्या वेळा चमकणार, मग इतके सेकंद काळोख. कुणी एकदा चमकतो, कुणी लागोपाठ दोनदा, कुणी तीनदा. जवळजवळच्या दोन दिव्यांना एकच ठेका देत नाहीत. चार्टवर प्रत्येकापुढे लिहिलेलं असतं. स्टॉपवॉच लावायचं, मोजायचं, लिहिलेल्याशी जुळवायचं. जुळलं तरच ती खांदेरी."

इतका वेळ गप्प बसलेले आण्णा म्हणाले, "मग आमच्या भोंग्यासारखंच की."

आण्णा मिलमध्ये बॉयलरवर होते. सोलापूरचं पहिलं कापडाचं मोठं कारखानदारीचं काम १८७७ साली सुरू झालेल्या मिलपासून धरतात, गावात तिला नंतर जुनी मिल म्हणू लागले. पुढे आणखी मिली आल्या आणि गावाचं घड्याळ भोंग्यांवर चालू लागलं. माझ्या लहानपणी पहिला भोंगा साडेसहाला, दुसरा पावणेसातला आणि शेवटचा सातला होई. प्रत्येक मिलच्या भोंग्याचा आवाज वेगळा. एक घोगरा, खालून उठणारा. एक बारीक, लांबट. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हा आपला नाही, त्यांचा झाला. आपल्याला पाच मिनिटं आहेत." विड्या वळायला जाणाऱ्या बाया, यंत्रमागावरची माणसं, शाळेची पोरं, सगळे त्यावर उठायचे आणि निघायचे. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, चारही भाषा बोलल्या जायच्या. भोंगा चारही भाषांत एकाच वेळी समजायचा.

भोंगा द्यायचं काम ज्या पाळीत आण्णांकडे असे, त्या पाळीआधी ते घरी रेडिओ लावून बसत. बातम्यांच्या आधी जे ठोके पडतात, त्यांच्यावर ते आपलं एचएमटीचं घड्याळ जुळवत. शेवटचा ठोका पडेपर्यंत अंगठा आणि तर्जनी किल्लीवर आणि श्वास रोखलेला. आम्हा पोरांना तेवढा वेळ बोलायची बंदी होती.

एकदाच भोंगा चुकला. बॉयलरच्या एका नळीला गळती लागली होती, वाफ उतरली होती, आणि सातचा भोंगा सहा मिनिटं उशिरा झाला. समोरच्या घरातला एक मागावरचा माणूस त्या दिवशी उशिरा पोचला आणि त्याचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला. नळी फुटणं यात आण्णांचा काहीच दोष नव्हता. तरी ते त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. संध्याकाळी त्या माणसाच्या दारात गेले आणि काय बोलायचं ते न सुचून तिथेच उभे राहिले. आई म्हणाली होती, "एवढं काय? सहाच मिनिटं." त्यावर ते म्हणाले, "झालाच नसता तर लोकांनी घड्याळं बघितली असती. झाला, म्हणून विश्वास ठेवला."

ही गोष्ट त्या रात्री मुलाला पहिल्यांदाच कळली. तो म्हणाला, "आजोबा, समुद्रावरही अगदी हेच. एखादा लाइट बंद पडला तर सगळ्या जहाजांना वायरलेसवर सूचना जाते, अमुक लाइट विझलाय, धरू नका. विझलेला चालतो. चुकीचा चमकणारा चालत नाही."

त्यानंतर मी या दिव्यांच्या मागेच लागले.

सगळ्यात जुना प्रसिद्ध दीपस्तंभ इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास बांधलेला, उंची शंभर मीटरच्या वर असावी असं मानतात. तो ज्या बेटावर होता त्याचं नाव फारोस, आणि त्या बेटाच्या नावावरूनच फ्रेंच, इटालियन अशा कितीतरी भाषांत दीपगृहाला शब्द मिळाला. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी तो पडला. पुढे त्याच जागेवर किल्ला उभा राहिला, तो अजून आहे.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट झालं, आणि मला ते जास्त विचार करण्यासारखं वाटतं. कोकणात आधी किल्ले होते, दिवे नंतर आले. खांदेरीचंच घ्या. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी आरमार पाठवून तो थांबवायचा प्रयत्न केला. मायनाक भंडारींच्या हाताखालच्या माणसांनी, रात्रीच्या अंधारात छोट्या होड्यांतून सामान पोचवत, ते काम पुरं केलं. पुढे १८६७ साली याच बेटावर इंग्रजांनी दीपगृह बांधलं. देवगडच्या किल्ल्यावर १९१५ साली दिवा लागला. रत्नागिरीच्या रत्नदुर्गाच्या एका टोकावरही दीपगृह आहे. किल्ल्याला आणि दीपगृहाला जागा एकच लागते: समुद्रात घुसलेलं, उंच, उघडं टोक. काम मात्र दोघांचं वेगळं. किल्ल्याने लांबचं बघायचं असतं. दीपगृहाने लांबून दिसायचं असतं. ज्या बुरुजावर उभं राहून मावळे येणारं गलबत ओळखत, तिथे आता येणारं गलबत बुरुजाला ओळखतं. खांदेरीच्या दीपगृहाला आज कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, आणि २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला त्यांत खांदेरी आहे. ती बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला होता.

उंचीचाही एक हिशेब असतो. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाच्या पलीकडे थेट दिसत नाही. समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंच दिव्याला क्षितिज साधारण ३८ किलोमीटरवर लागतं. उंची चौपट केली तर अंतर फक्त दुप्पट होतं. म्हणून डोंगरकड्यावरचं दीपगृह बुटकं चालतं, कारण अर्धं काम डोंगराने केलेलं असतं. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, भर समुद्रातल्या खडकांवर १८७५ साली बांधलेला प्रॉन्ग्स मात्र चाळीस मीटरच्या आसपास उंच करावा लागला. तिथे ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी. मी हा हिशेब आमच्या गावाला लावून बघितला. सोलापुरातली जमीन अगदी समुद्रासारखी सपाट धरली आणि शंभर मीटरवर दिवा लावला, तर तो मोहोळच्या वेशीवर दिसेल. आमच्याकडे इतकी उंच एक चिमणी होती खरी, साखर कारखान्याची, नव्वद मीटरच्या वर. विमानांच्या वाटेत येते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडली. गावात त्यावरून बरीच वर्षं वाद झाला, त्यात मी शिरत नाही. पण बाहेरगावाहून परतताना एसटीच्या खिडकीतून चिमण्या दिसल्या की 'आलं सोलापूर' म्हणत पिशव्या आवरायला घेणारी आमची पिढी. खलाशांच्या भाषेत त्याला डेमार्क म्हणतात. दिवसा दिवा निरुपयोगी, तेव्हा मनोऱ्याचा आकार आणि त्यावरचे रंगाचे पट्टे हीच त्याची ओळख. गड्ड्याच्या मिरवणुकीत हजारो डोक्यांच्या वर नंदीध्वजांच्या काठ्या डुलताना दिसल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, बघ, काठी मागून किती लांब आहे ते इथूनच कळतं." खरंच होतं. आमच्या पुढची बाई त्याच अंदाजाने लेकराला कडेवर घेत होती.

मे महिन्यात आम्ही दोघी, मी आणि माझी धाकटी बहीण, कोकणात गेलो. आण्णांना एवढा प्रवास झेपत नाही. सोलापुरातून निघालेला मिऱ्या-नागपूर महामार्ग मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या काळ्या रानातून सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीला मिऱ्याच्या समुद्राशी संपतो. आपल्या दारावरून जाणारा रस्ता पाण्यात संपतो हे मला पन्नाशीनंतर कळलं. तिथून खाली किनाऱ्याने गेलो. एका दीपगृहावर संध्याकाळी वर चढू दिलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांनी आम्ही सोलापूरहून आलो हे ऐकून वेळ संपल्यावरही थांबू दिलं, आणि त्यांना त्याचा त्रास नको.

वरच्या काचेच्या खोलीत सगळीकडे जाड पडदे ओढलेले होते. मला वाटलं, सामान जपायला असतील. ते म्हणाले, "उन्हासाठी. पडदा राहिला तर सूर्य या भिंगातून उलटा आत शिरतो आणि पेटवतो." मग त्यांनी एक पडदा सरकवला.

माणसाच्या उंचीचा काचेचा पोळाच जणू. मधोमध बशीएवढा फुगीर डोळा, त्याभोवती एकात एक काचेची कडी, आणि वरखाली तिरप्या लोलकांच्या रांगा, पितळेच्या चौकटीत एकेक बसवलेल्या. जवळ गेलं की प्रत्येक लोलकात आपला चेहरा दिसतो, कुठे उलटा, कुठे सुलटा, कडेला इंद्रधनुष्याची बारीक रेघ. माझ्या बहिणीने नकळत पदर सावरला. या सगळ्याच्या आत दिवा होता तो अगदी साधा, माझ्या मुठीत मावेल एवढा.

ही करामत ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच माणसाची. त्याच्याआधी दिव्यामागे आरसे लावत. आरसे बराच उजेड गिळायचे. भिंग लावायचं तर एवढं मोठं भिंग मधे इतकं जाड व्हायचं, की वजन पेलवणार नाही आणि काचच उजेड अडवेल. फ्रेनेलने विचार केला, की उजेड वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, मग मधली जाडी हवी कशाला? त्याने भिंगाची कडी कापून एकाच पातळीवर बसवली. वळण तेवढं ठेवलं, ओझं काढून टाकलं. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपगृहावर ते पहिल्यांदा लागलं. चारच वर्षांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. चहूकडे विखुरून वाया जाणारा उजेड गोळा करून क्षितिजाच्या एका पट्टीवर पाठवणं, एवढंच त्याने केलं, आणि साध्या तेलाच्या वातीचा दिवा वीस-पंचवीस किलोमीटरवर दिसू लागला.

आणखी एक गोष्ट मला तिथे उभी राहिल्यावरच कळली. दिवा लुकलुकत नाही. दिवा सारखा जळतच असतो, भिंग त्याच्याभोवती फिरतं. भिंगाचा डोळा आपल्या समोरून गेला की आपल्याला चमक दिसते, गेला की काळोख. म्हणजे जहाजावरच्या माणसाला जो काळोख वाटतो, त्या वेळी उजेड दुसऱ्या कुणाकडे वळलेला असतो. जुन्या काळी काही टनांचं हे भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवत, म्हणजे बोटाने ढकललं तरी फिरे. फिरवायला भिंतीवरच्या घड्याळासारखं यंत्र. मनोऱ्याच्या पोकळीत वजन टांगलेलं, ते हळूहळू खाली उतरे आणि काही तासांनी दिवेवाल्याने हाताने किल्ली फिरवून ते पुन्हा वर घ्यायचं. रात्रभर, वर्षभर, वादळातसुद्धा. किल्ली द्यायला उशीर झाला तर ठेका मंदावणार, आणि ठेका मंदावला तर लांबच्या जहाजावर मोजणाऱ्याला वाटणार, की हे दुसरंच कुठलं टोक आहे. मला तिथे किल्लीवरची आण्णांची बोटं आठवली.

भोंग्याची तुलना आण्णांनी सहज केली होती, पण ती शब्दशः खरी निघाली. दाट धुक्यात दिवा दिसत नाही, म्हणून धुक्याच्या किनाऱ्यांवर दीपगृहांना भोंगे असत. वाफेवर किंवा दाबलेल्या हवेवर चालणारे, आणि त्यांचाही ज्याचा त्याचा ठेका ठरलेला. हे सांगितल्यावर आण्णांनी पहिला प्रश्न केला, "बॉयलर कुठला?" तेवढं मला सांगता आलं नाही.

माणसाची गरज कशी संपत गेली, तेही त्यांना सांगितलं. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उन्हावर चालणारी झडप बनवली. तिच्यात एक काळी दांडी आणि भोवती चकचकीत दांड्या. दिवस उजाडला की काळी दांडी जास्त उजेड शोषून तापते, फुगते आणि गॅस बंद करते. अंधार पडला की आखडते आणि गॅस सोडते. दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो, माणूस लागत नाही. याबद्दल त्यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅसिटिलिनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. बक्षीस घ्यायला त्यांचा भाऊ गेला. डालेन पुढे पंचवीस वर्षं तसेच काम करत राहिले. आण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मिल बंद झाली तेव्हा ते पन्नाशीचे होते. शेवटचा भोंगा कुणी दिला हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आपल्या देशात दीपगृहांचा कायदा १९२७ चा. २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दोनशेच्या आसपास दीपगृहं आहेत, बहुतेक आता विजेवर आणि सौरऊर्जेवर. हे सगळं वाचायला मिळतं. मला वाचताना सारखं जे आठवत होतं ते मात्र आमच्याच गावचं माणूस.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा भारतातून पाच डॉक्टरांचं पथक मदतीला गेलं, त्यांत ते होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' जहाज निघालं. मुंबई बंदरातून बाहेर पडणाऱ्या जहाजाला कुलाब्याच्या टोकावरून जावंच लागतं, म्हणजे प्रॉन्ग्स जवळून गेला असणार आणि खांदेरीही नजरेच्या टप्प्यात आली असणार. प्रॉन्ग्स तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. आमच्या कोरड्या गावातून गेलेला सत्तावीस वर्षांचा तरुण डेकवर उभा राहून मागे बघत असेल, तर ओळखीच्या किनाऱ्याची शेवटची खूण हीच. ते परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच गेले. 'राजपुताना' त्याआधीच युद्धात, १९४१ च्या एप्रिलमध्ये, बुडाली होती. आम्ही त्यांच्या पुण्यतिथीला शाळेत भाषणं करतो आणि त्यांना दीपस्तंभ म्हणतो. यंदा मी मुलांना फळ्यावर प्रॉन्ग्स काढून दाखवला, जहाज त्याच्यापासून लांब जाताना काढलं आणि त्यांना सांगितलं, की डॉक्टर या जहाजावर होते. एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांना तो दिवा किती वेळ दिसला असेल?" मी आकडेमोड करून सांगितलं: रात्र असती आणि आकाश स्वच्छ असतं, तर दीड-दोन तास. मग मिटला असेल.

आता कुणी विचारतं, उपग्रह आहेत, जीपीएस आहे, दिवे कशाला हवेत? मीही मुलाला विचारलं होतं. अलीकडे तांबड्या समुद्रात आणि पर्शियन आखातात जीपीएसचे सिग्नल बिघडवण्याचे प्रकार झाले आहेत. एका रात्री त्याच्या पडद्यावर त्याचं जहाज वाळवंटात, जमिनीवर, उभं असल्याचं दिसत होतं. सगळी यंत्रं एकमेकांशी सहमत होती, आणि चूक होती. "मग काय केलंस?" "बाहेर आलो. एक लाइट दिसत होता. मोजला. जुळला. रेघ मारली." मग थोडं थांबून, "दुसरा दिसेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आई." त्या चाळीस मिनिटांबद्दल मी पुढे काही विचारलं नाही. तो चाळीस मिनिटं एकाच रेघेवर होता, हे मला बरणी, बुधली आणि आमटीची वाटी बघितल्यामुळे समजलं.

खांदेरी दिसली, त्याच्या चौथ्या दिवशी त्याचं जहाज मुंबईहून पुन्हा निघालं. रात्री साडेआठला मेसेज आला: "प्रॉन्ग्स मागे." आण्णांना सांगायला गेले तर ते खाटेवर उठून बसलेले. म्हणाले, "तू कोकणातून ते चित्र काढून आणलंयस ना, दाखव."

मी फोनवर तो व्हिडिओ लावला. आम्ही मनोऱ्यावरून खाली उतरल्यावर, दिवेलागणीला काढलेला. फारसं काही दिसत नाही त्यात. काळा पडत चाललेला मनोरा, वाऱ्याचा आवाज, मधेच बहिणीचं "लागला बघ, लागला." आण्णांनी फोन हातात घेतला नाही. चष्मा चढवला, डावा हात खाटेच्या दांडीवर ठेवला आणि चमक आली तसं तर्जनीने टकटक सुरू केली. एक, दोन, तीन. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दहाला पुन्हा चमक. पुन्हा एकपासून. दहाला पुन्हा. तिसऱ्यांदा बोट दहावर आलं आणि पडदा उजळला.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि चष्मा काढला.